चंद्राच्या कला, इयत्ता चौथी, वेळ पस्तीस मिनिटे

पाठ टाचण
अध्यापक: मार्तंड विठोबा परब
विषय: परिसर अभ्यास
घटक: चंद्राच्या कला
वेळ: पस्तीस मिनिटे
प्रत्यक्ष लागलेला वेळ: एक महिना, पाण्याची एक टाकी आणि माझी अब्रू

(शिक्षक नसलेल्या वाचकांसाठी खुलासा. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार ते आज लिहून ठेवायचा कागद. त्यात रकाने असतात आणि ते अरुंद असतात. एकोणीस वर्षं मी त्या रकान्यांत मावत आलो. या वेळी मावलो नाही, म्हणून इथे पसरून लिहितो आहे. रकान्यांची नावं तेवढी तीच ठेवली आहेत.)

पूर्वज्ञान

विद्यार्थ्यांना आधीपासून काय येतं ते इथे लिहायचं असतं. शिक्षकाला काय येतं ते लिहायला टाचणात जागाच नाही. वरच्यांनी ते गृहीत धरलं आहे. मीही धरलं होतं.

चंद्राबद्दल मला तीन गोष्टी येत होत्या. तो पृथ्वीभोवती फिरतो. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. आणि पृथ्वीची सावली त्याच्यावर कमीजास्त पडते, म्हणून तो कधी कोर, कधी अर्धा, कधी पूर्ण दिसतो. तीनपैकी दोन बरोबर निघाल्या. सहासष्ट टक्के. आमच्या वर्गात एवढ्यावर पोरगं आरामात वर जातं.

पण ती तिसरी गोष्ट जरा अवघड जागी होती, कारण तिच्यावर माझं नाव होतं. नऊ वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी तक्ता केला होता. काळ्या कार्डशीटवर मधोमध निळी पृथ्वी, डावीकडे सूर्य, उजवीकडे पृथ्वीची लांबलचक सावली आणि त्या सावलीत कमीअधिक बुडालेले आठ चंद्र. खाली कोपऱ्यात, 'संकल्पना व रेखाटन: मा. वि. परब'. तेव्हाच्या साहेबांना तो इतका आवडला की त्याच्या प्रती निघाल्या आणि आमच्या विभागातल्या बावीस शाळांत लागल्या. कुठल्याही शाळेवरून जाताना मी चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून डोकावत असे. थोर पुरुषांच्या तसबिरी आणि त्यांच्या रांगेत शेवटी मी.

तर डिसेंबरात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. (आमच्याकडे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात. उंची चार फूट दहा.) पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, चाळीस शिक्षकांसमोर आणि विभाग निरीक्षक रुचिरा साटम मॅडमच्या उपस्थितीत, मी आदर्श पाठ घ्यायचा होता. विषय, चंद्राच्या कला. टाचण आधी मंजुरीला. मी ते त्याच दुपारी तक्त्यावरून उतरवून दिलं. ते शिक्का बसून परत आलं. इथपर्यंत सगळं झकास.

विद्यार्थी कृती

चेतना सरवदे तिसऱ्या बाकावर बसते. ती हात वर करते तेव्हा कोपर अजिबात वाकत नाही. उत्तर मिळेपर्यंत तो हात ट्रॅफिकच्या सिग्नलसारखा तसाच राहतो.

वर्गात सावली शिकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेनऊच्या छोट्या सुट्टीत, मी मैदानावर कोण कुणाला ढकलतंय ते बघत उभा होतो. चेतना आली.

"सर, चंद्र."

"दिवसा कुठला चंद्र?"

"तो काय."

आणि होता. शाळेच्या टाकीच्या वर, निळ्या आकाशात, ताकासारखा पातळ, अर्धा. एकोणीस वर्षं मी साडेनऊला याच मैदानावर उभा असतो. पण सुट्टीत शिक्षक खाली बघतो, वर नाही.

"सर, काल तुम्ही सांगितलं, पृथ्वीच्या सावलीमुळे अर्धा दिसतो."

"बरोबर."

"पण सावली सूर्याच्या उलट पडते ना? ही बघा माझी." तिची सावली फरशीवरून मुतारीच्या दिशेला आडवी गेली होती. "सूर्य इकडे, सावली तिकडे. चंद्र तर टाकीवर आहे. मग पृथ्वीची सावली वळून टाकीकडे कशी गेली?"

मी सूर्याकडे बघितलं. सावलीकडे बघितलं. टाकीकडे बघितलं. शिक्षकाला अशा वेळी एक वाक्य शिकवलेलं असतं, ते मी वापरलं.

"हे तुला पाचवीत कळेल."

"पण सर, पाचवीला पण तुम्हीच आहात."

घंटा झाली. दोन मिनिटं आधीच झाली, कारण मीच जाऊन वाजवली.

संदर्भ साहित्य

सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा पेडणेकर गोदीतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक विषयाचे जाणकार आहेत. जिन्यात गाठ पडली.

"सावलीच रे ती," अण्णा म्हणाले. "आम्ही सावलीच शिकलो."

"पण अण्णा, सावली सूर्याच्या उलट बाजूला पडते. अर्धा चंद्र बाजूलाच असतो."

"किती लांब आहे चंद्र? लाखो किलोमीटर! एवढ्या लांब सावली सरळ जाते होय? वाकते."

"वाकते?"

"परब, तू मास्तर आहेस. मास्तरासारखा राहा. एवढा विचार करशील तर शिकवशील कधी?"

मग मोबाइल. तिथे एका मिनिटात उत्तर मिळालं: चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, तो फिरतो तसा त्या उजळ भागाचा कमीजास्त हिस्सा आपल्याला दिसतो. मी वाक्य पाठ केलं आणि बायकोला म्हणून दाखवलं.

सुलक्षणा कोलंबी सोलत होती. "म्हणजे काय?"

"म्हणजे, चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो..."

"ते ऐकलं. म्हणजे काय?"

मी वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्याने. वर्गात याने काम भागतं. सुलक्षणा कोलंबीकडे बघत म्हणाली, "तुम्हालाच कळलेलं नाहीये हो."

हे खरं होतं. वाक्य कळलं होतं, चंद्र कळला नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला असं वाटलं की आपण चंद्र शिकवतो, पण तो कधी नीट बघितलेला नाही. महिनाभर रोज बघायचा ठरवला.

शैक्षणिक साहित्य

गच्चीची किल्ली.

मा. सेक्रेटरी यांस,
विषय: गच्चीवर जाण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, मला एक महिना रोज चंद्र पाहावयाचा आहे. तरी किल्ली मिळावी.

अर्ज परत आला. अण्णांनी लाल पेनाने लिहिलं होतं: 'गच्चीचा वापर पापड, टाकी व केबल यासाठीच मंजूर आहे. चंद्र बसत नाही.'

अण्णा माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. हवं तर दारातूनही सांगता आलं असतं. पण जावक क्रमांक पडायला हवा होता. मी दुसरा अर्ज केला, 'पापडांवर लक्ष ठेवणेबाबत'. किल्ली मिळाली.

निरीक्षण

अमावास्या. काही दिसलं नाही. हे निरीक्षण अचूक आहे.

शुद्ध द्वितीया, संध्याकाळी पावणेसात. विमान. विमान. कोर! विमान.

चतुर्थी. कोर आडवी, होडीसारखी. फळ्यावर मी ती एकोणीस वर्षं कंसासारखी उभी काढतो आहे. मी बघितली असती तर आडवी काढली असती.

अष्टमी. अर्धा. सूर्य मावळत होता तेव्हा हा जवळजवळ डोक्यावर. उजळ बाजू सूर्याकडे. काल पण सूर्याकडेच होती. परवा पण. (तीनदा अधोरेखित.)

दशमी. अण्णा पापड बघायला आले. पापड नव्हते. "वाळले," मी म्हणालो.

पौर्णिमा. सूर्य विमानतळाच्या बाजूला मावळला आणि चंद्र नव्या टॉवरच्या मागून वर आला. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे पृथ्वी, आणि पृथ्वीवर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी. पृथ्वीची सावली चंद्राकडे जात असेल तर ती आजच. आणि आज तो पूर्ण आहे. माझ्या तक्त्याप्रमाणे आज तो दिसायलाच नको होता.

मी टाकीला टेकून बराच वेळ उभा राहिलो. बावीस शाळा, एका शाळेत चौथीत चाळीस पोरं धरली, गुणिले नऊ वर्षं. गुणाकार केला नाही.

गटचर्चा

पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशिरा उगवतो. म्हणजे मीही रोज तेवढ्या उशिरा वर जाऊ लागलो. पहिल्या मजल्यावरच्या शेवंतीबाईंच्या हे लक्षात आलं. त्यांच्या काय लक्षात येत नाही याचा शोध अजून लागायचा आहे.

"वहिनी," त्यांनी सुलक्षणाला गाठलं, "सर रोज गच्चीवर जातात. जाऊ देत. पण वेळ बदलतात हां. परवा साडेसहा, काल साडेसात. केस विंचरून."

केस मी शाळेपासून विंचरतो. पण तृतीयेला, आठ वाजता, मी गच्चीवर पूर्वेला तोंड करून उभा असताना मागे दार वाजलं.

"कोण येणार आहे?" सुलक्षणाने विचारलं.

"चंद्र."

"काल कधी आला?"

"साडेसात."

"मग आज आठ वीस. उद्या चतुर्थी, नऊ दहा. टॉवर धरूनच सांगतेय."

तिच्या हातात कॅलेंडर नव्हतं, मोबाइल नव्हता. "तुला कसं माहीत?"

"वीस वर्षं उपाशी बसतेय मी त्याच्यासाठी," ती म्हणाली. "दर संकष्टीला. पोटात आग पडलेली असताना तो कधी आणि कुठून येतो ते बाईच्या लक्षात राहतं. मला विचारायचं ना! मोबाइलला काय विचारत बसलात?"

मग तिने सांगितलं की संकष्टीचा चंद्र कधीच पूर्ण नसतो, वरच्या अंगाने दाबलेल्या मोदकासारखा असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबे भरते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, पश्चिमेला असतो.

"सकाळी? तू बघतेस?"

"तुमचे डबे भरताना दुसरं काय बघू?"

आठ वीसला टॉवरच्या क्रेनखाली उजेड झाला. आम्ही दोघं उभे राहिलो. जिन्यात शेवंतीबाईंच्या चपलांचा आवाज आला आणि निराश होऊन खाली गेला.

प्रयोग

संकष्टीनंतरची सकाळ, वद्य पंचमी, आठ वाजता. मी पश्चिमेचा चंद्र बघायला गच्चीवर गेलो. तिथे आमचा प्लंबर दादू टाकीत वाकलेला. बॉलकॉक अडकत होता, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी ती दांडी. तिचा पांढरा प्लॅस्टिकचा चेंडू काढून दादू तो उन्हात धरून बघत होता, कुठे चीर आहे का.

"दादू, हलू नकोस."

"काय झालां?"

त्याच्या हातातला चेंडू आणि त्याच्या मागे आकाशात चंद्र, दोन्ही एका रेषेत होते. चंद्र खालून उजवीकडे थोडा बुजलेला. चेंडू खालून उजवीकडे थोडा काळा. तंतोतंत. जणू एकाच साच्यातले, एक लहान आणि एक लांबचा.

मी चेंडू घेतला. हात लांब केला आणि जागच्या जागी हळूहळू फिरलो. चेंडू सूर्याकडे, तर माझ्याकडची बाजू सगळी काळी: अमावास्या. जरा वळलो, कडेला कोर. अजून वळलो, अर्धा. अजून वळलो, फुगला. चेंडूचा सूर्याकडचा अर्धा भाग सतत पांढराच होता. बदलत होतं ते एवढंच की त्यातला किती भाग मला दिसतो. ज्या वाक्याला सुलक्षणा 'म्हणजे काय' विचारत होती, ते वाक्य माझ्या हातात होतं आणि गोल होतं.

मग मी सूर्याकडे पूर्ण पाठ केली आणि चेंडू अचानक काळा पडला.

"आता काय झालं?"

"सर, तुमचां डोक्यां आड येता," दादू म्हणाला.

मी हात वर केला. चेंडू डोक्याच्या सावलीतून निसटून लख्ख उजळला: पौर्णिमा. हात खाली, काळा. हात वर, पूर्ण. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, पडते की! पण ती कधीतरीच पडते, सगळे अगदी एका रेषेत आले तर. त्याला ग्रहण म्हणतात. म्हणजे नऊ वर्षं बावीस शाळांत महिन्याला सात-आठ ग्रहणं मी लावत होतो.

"दोन मिनिटं देशील?" असं म्हणून मी खाली धावलो, सुलक्षणाला दाखवलं, आणि घड्याळ बघितल्यावर तसाच शाळेत गेलो.

अनपेक्षित अडचणी

चेंडू माझ्याबरोबर शाळेत गेला.

दादूला वाटलं, सर हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणायला गेले. तो वाट बघून दुसऱ्या कामाला गेला. अण्णांनी रोजच्याप्रमाणे साडेनऊला पंप लावला आणि पेपर उघडला. टाकी भरली. पाणी बंद करायला काहीच नव्हतं. ते गच्चीवरून जिन्यात आलं, जिन्यातून अण्णांच्या दाराशी आलं, आणि अण्णांना ते सगळ्यात शेवटी कळलं, कारण ते राशिभविष्य वाचत होते. खालची टाकी रिकामी झाल्यामुळे उरलेला दिवसभर कुणालाच पाणी नव्हतं. शेवंतीबाई डोक्याला शिकेकाई लावून बसल्या होत्या.

संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस होती. 'एका सुशिक्षित सभासदाने टाकीचा भाग परस्पर नेल्यामुळे...' नाव नव्हतं. 'सुशिक्षित' या शब्दाभोवती अवतरणचिन्हं होती.

"चंद्रासाठी नेला?" अण्णांनी भिजलेल्या पायपोसावर उभं राहून विचारलं.

"अण्णा, सावली वाकत नाही. बघा, हा चेंडू..."

"तो आधी टाकीत लाव."

टाचणात दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. पेपरवेट उन्हात धरून दाखवलं. मोठ्या बाई हुशार आहेत, त्यांना दोन मिनिटांत कळलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण टाचण मंजूर झालंय."

"बदलू."

"मंजूर टाचण बदलायला पुरवणी टाचण लागतं. ते पंधरा दिवस आधी द्यावं लागतं. पाठ परवा आहे."

"मग मी चुकीचं शिकवू?"

"मंजूर शिकवा. बरोबर काय ते नंतर वर्गात सांगा." मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "परब सर, तुमच्या भल्याचं सांगते. चाळीस जण येणार. त्यातल्या निम्म्यांच्या वर्गात तुमचा तक्ता आहे. पस्तीस मिनिटं आहेत. निघून जातील."

घरी येऊन मी आरशात बघितलं. विज्ञानाचे परब सर. विभागात कुठे काही अडलं की म्हणतात, परबांना विचारा. ही एवढीच माझी इस्टेट. मी ठरवलं, मंजूर शिकवायचं.

अध्यापक कृती

वद्य अष्टमी, साडेआठ. वर्गात पुढे चौथीची पोरं, मागे आणि भिंतींना टेकून चाळीस शिक्षक, मधोमध साटम मॅडम, मांडीवर माझं मंजूर टाचण. फळ्याशेजारी तक्ता. माझ्या नावाच्या शाईवर नऊ वर्षांत ऊन पडून ती फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

मी सुरुवात केली. सूर्य सांगितला, पृथ्वी सांगितली. मॅडम टाचणात बघून मान हलवत होत्या. मग ठरलेला प्रश्न आला. टाचणात त्याच्यापुढे अपेक्षित उत्तरही लिहिलेलं होतं.

"मुलांनो, चंद्र अर्धा का दिसतो?"

"पृथ्वीच्या सावलीमुळे!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मागचे शिक्षक कौतुकाने हसले.

चेतनाही म्हणाली. मी बघितलं. हात बाकावर, घडी घातलेले.

पुढचा प्रश्न पृथ्वीच्या आकाराचा होता. तो मला आठवेना. मी विचारलं, "चेतना, सावलीमुळे?"

"हो सर."

"त्या दिवशी मैदानावर तुझी सावली कुठे पडली होती?"

तिने पाहुण्यांकडे एकदा बघून घेतलं. मग मला सांभाळून घ्यावं तशा हळू आवाजात म्हणाली, "सर, ते पाचवीत आहे."

मला वाटलं होतं, आपली अब्रू त्या तक्त्यावर आहे. पण ही पोर महिन्यापूर्वी टाकीवरच्या चंद्राकडे बोट दाखवत होती आणि आता घडी घालून बसली होती, आणि ती घडी मीच घातली होती.

"मुलांनो," मी म्हणालो, "हा तक्ता चूक आहे."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

"चंद्र अर्धा दिसतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे नाही. चेतनाने मला हे महिन्यापूर्वी विचारलं. ती बरोबर होती. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी घंटा वाजवली. ज्याने हा तक्ता काढला त्याला काही माहीत नव्हतं. त्याचं नाव खाली लिहिलंय. चेतना, वाच."

"मा. वि. परब," चेतनाने वाचलं. आणि मग, कारण तिला अर्धवट काही सोडवत नाही, "म्हणजे तुम्ही सर."

"म्हणजे मी."

साटम मॅडमनी टाचणाचं पान उलटलं, मागे काही आहे का बघितलं. "हे टाचणात कुठे आहे?"

"नाही मॅडम."

"मग उत्तर कुठे आहे?"

"बाहेर. साडेनऊपर्यंत टाकीवर येईल."

आता अडचण अशी की मी मंजूर शिकवायच्या तयारीने आलो होतो. चेंडू नव्हते. मैदानावर चौथीची पोरं, चाळीस शिक्षक आणि वर लख्ख अर्धा चंद्र, आणि हातात धरायला गोल असं काहीच नाही. तेवढ्यात गेटातून अल्पोपहाराचे खोके आले.

बटाटेवडे.

"प्रत्येकाने एक घ्या," मी ओरडलो. "खाऊ नका! हात लांब करा आणि चंद्राच्या शेजारी धरा."

मुंबई उपनगरातल्या एका मैदानावर शंभरेक माणसांनी आकाशाकडे वडे धरले. पलीकडच्या इमारतीतून लोक बाल्कनीत आले. मग एक एक आवाज.

"अय्या, अर्धाच!"

"माझा पण. बघ ना, डावीकडेच तेल चमकतंय."

"चंद्राचं पण डावीकडेच आहे यार."

"आता फिरा," मी म्हणालो. "हळू. वड्याकडे बघत फिरा."

सगळे फिरू लागले. "माझी कोर झाली!" "माझी पौर्णिमा!" "सर, माझा काळा पडला!" "तुझं डोकं मधे आलं रे, हात वर कर. ते ग्रहण." "सर, ह्याने खाल्ला!" "खग्रास," कुणीतरी म्हणालं. दोन वडे धडकून फुटले आणि त्यावर कावळे आले.

साटम मॅडम एकट्या बाजूला उभ्या होत्या. टाचण काखेत. त्यांनी वडा चंद्राशेजारी धरला. वड्याकडे बघितलं, चंद्राकडे बघितलं. मग चपला नीट रोवून त्या सावकाश एक पूर्ण फेरी फिरल्या आणि थांबल्या. आणखी एक फेरी फिरल्या. चेतना त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडम, कोपर वाकवू नका."

मॅडमनी कोपर सरळ केलं.

शेरा

१. पाठ मंजूर टाचणाप्रमाणे झाला नाही.
२. लागलेला वेळ एक तास वीस मिनिटे.
३. अल्पोपहाराचा वापर अन्य कारणासाठी झाला.
४. सदर तक्ता चुकीचा असल्याने संबंधित शिक्षकाने उद्यापासून बावीसही शाळांत स्वतः जाऊन, वर्गाला कारण सांगून, तो उतरवावा.

सही करताना मॅडम म्हणाल्या, "'वर्गाला कारण सांगून' हे विसरू नका."

"मॅडम, बावीस वर्गांत?"

"प्रती काढताना मोजल्या होत्यात ना?"

स्वाध्याय

पहिली शाळा वाकोला पुलाच्या अलीकडे. वद्य नवमी, सकाळी पावणेदहा. चौथीच्या वर्गात श्रुतिका मॅडम, नोकरीचं तिसरं वर्ष. कालच्या परिषदेत त्या होत्या. मला बघून त्यांनी आधी खुर्ची दिली, मग स्टूल दिलं.

"सर, नाही काढला तर नाही का चालणार?" त्या हळूच म्हणाल्या. "मागे ओल आहे भिंतीला."

मी पोरांना सांगितलं. हा तक्ता चूक आहे, मीच काढलाय, मला तेव्हा माहीत नव्हतं, आता थोडं माहीत आहे. एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "चूक होता तर लावला कशाला?"

"मला खात्री होती."

"बघून काढला होता?"

"नाही."

तो शेजारच्याकडे वळून काहीतरी पुटपुटला. दोघंही हसले. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दोन पोरांनी स्टूल धरलं आणि मी वर चढलो. खिळे गंजले होते. एक निघाला, दुसरा निघेना. पाठमोऱ्या माणसाकडे चाळीस पोरं बघत असली की पाठीला कळतं. शांतता नको म्हणून मी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "आज चंद्र कुणी बघितला?"

कुणीच नाही.

"तो रात्री असतो सर," मागून कुणीतरी मला समजावलं.

"असं? बघितलंयस?"

मग खिडकीजवळून एका मुलीचा आवाज आला, "ए, तो काय?"

बाक सरकले. पहिल्यांदा स्टूल धरणारे दोघं गेले. मग सगळा वर्ग, मग श्रुतिका मॅडमही. "कुठे?" "तो, वायरच्या वर!" "अर्ध्याहून कमीय." "कालपेक्षा कमी?" "काल कुणी बघितला?" "सूर्य कुठल्या बाजूला आहे?" "थांब, सावली बघ, सावली बघ!"

मी एका हातात तक्ता आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून वर उभा होतो. खाली उतरवायला कुणीच नव्हतं. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मी तक्ता गुंडाळून काखेत मारला, एक पाय सोडला, दुसरा सोडला, आणि खिडकीपाशी गेलो. पुढे नुसती डोकीच डोकी.

"सरका रे जरा," मी म्हणालो. "मला पण दिसू दे."